डीजीसीएच्या मसुद्यावर सोलापुरात बसून हरकत कशी द्यायची?

तुमचा प्रश्न असा: डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) सिम्युलेटरच्या, म्हणजे पायलटांच्या सरावाच्या यंत्राच्या, मानकांचा मसुदा हरकतींसाठी आला, तर पायलट नसलेल्या सोलापूरकराच्या पत्राला किंमत असते का, आणि लिहायचं काय?

हरकत बेलाशक द्या. विमान नियम 1937 मधल्या नियम 133अ प्रमाणे डीजीसीएला सीएआर (विमान वाहतुकीसाठीच्या तांत्रिक अटी) काढण्याआधी मसुदा 30 दिवस वेबसाइटवर ठेवून, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. तिकीट काढून बसणारा त्यात येतोच. सार्वजनिक हितासाठी ही पायरी वगळायची मुभाही त्याच नियमात आहे. राजपत्रात येणाऱ्या नियमांची मुदत मात्र वेगळी असू शकते. विमानतळाजवळचे अडथळे पाडण्याच्या 2025 च्या मसुद्याला 20च दिवस होते. विमानतळाला अडथळा ठरलेल्या सिद्धेश्वर कारखान्याच्या चिमणीवरून 2023 पर्यंत भांडलेल्या आपल्या गावातून त्यावर किती हरकती गेल्या, कोण जाणे!

महापालिकेच्या प्रभागरचनेवर हरकत दिली की सुनावणीला बोलावतात, तिथे तोंडी बाजू मांडता येते. इथे तसं धरून चालू नका. कागदानेच बोलायचं. म्हणून चार रकान्यांचा तक्ता करा: परिच्छेद क्रमांक, मसुद्यातला मजकूर, तुम्ही सुचवलेला मजकूर, कारण. तिसरा रकाना रिकामा ठेवलात तर ती नुसती नाराजी ठरते. ईमेलच्या विषयात मसुद्याचं नाव, सेक्शन, सिरीज, पार्ट जसंच्या तसं टाका. ‘सोलापूर-मुंबई फेऱ्या वाढवा’ हे त्यात घुसडू नका. बाकीचं पत्रही त्याच नजरेने वाचलं जाईल.

नमुना म्हणून एक मुद्दा घ्या. मसुद्यात ‘सिम्युलेटरचा प्रतिसाद पुरेसा जलद असावा’ असं असेल तर हरकत घ्याच, कारण ‘पुरेसा’ मोजता येत नाही. पायलटने कंट्रोल हलवल्यापासून काचेतलं दृश्य, मोशन (कॅबिनचं हलणं) आणि उपकरणं हलेपर्यंतच्या उशिराला ट्रान्सपोर्ट डिले म्हणतात. युरोपच्या मानकात लेव्हल सी आणि डीच्या (डी ही सगळ्यात वरची) फुल फ्लाइट सिम्युलेटरला तो जास्तीत जास्त 150 मिलिसेकंद चालतो, ए आणि बीला 300. दृश्य उशिरा आलं की पायलट जास्त कंट्रोल देतो, मग उलट देतो, नाक वरखाली डुलायला लागतं आणि हात चुकीच्या सवयीचा होतो. दृश्य आणि मोशन यांचा मेळ बसला नाही तर मळमळतं ते वेगळंच. तेव्हा आकडा मागा, आणि तो कसा व किती महिन्यांनी मोजायचा तेही मागा. सिम्युलेटर पास होताना केलेल्या चाचण्यांच्या संचाला क्यूटीजी म्हणतात. त्या वर्षभरात टप्प्याटप्प्याने पुन्हा व्हायला हव्यात, नाहीतर मशीनची अचूकता हळूहळू घसरते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

‘सोलापूरची धावपट्टी सिम्युलेटरमध्ये हवी’ हे मात्र इथे लिहू नका. ती बाब विमान कंपनीच्या प्रशिक्षणाची आहे, यंत्राच्या मानकाची नाही. सगळीकडे लेव्हल डीच हवं, हा हट्टही मला पटत नाही. चेकलिस्ट आणि एफएमएस (मार्ग आखणारा विमानातला संगणक) शिकायला न हलणारं उपकरण पुरतं.

अंतिम सीएआर आला की तुमचा परिच्छेद काढून ताडून पाहा. सूचना घेतली नसेल तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करा. त्यात ‘का नाकारली’ असं विचारलंत तर ‘कारणं विचारणं माहितीत बसत नाही’ असं उत्तर येऊ शकतं. ‘आलेल्या सूचनांचा तक्ता व त्यावरील फाइल नोटिंगच्या प्रती’ असं लिहा.