बेसिक किती, ते आधी विचार

सातारा
गुरुवार, रात्री

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज सकाळीच पाहिला. ‘बाई, दुबईच्या शाळेचं ऑफर लेटर आलं, ६,००० दिरहॅम, हो म्हणू ना?’ एका ओळीच्या प्रश्नाला व्हॉट्सॲपवर उत्तर देता येईना, म्हणून लिहायला बसले. नववीत तुझी प्रयोगवही मी दोनदा परत दिली होती, तेव्हा तू रागावली होतीस. आजही थोडी रागावशील.

जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. मी स्वतः २००६ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये परत आले. सतरा वर्षांत घराचं कर्ज फिटलं, मुलाचं शिक्षण झालं. शिकवायला मी खऱ्या अर्थाने तिथेच शिकले, हेही कबूल करते. पण मला जाताना कुणी काही सांगितलं नव्हतं. सगळे एकच विचारत होते, पगार किती? मीही तोच आकडा सांगत सुटले होते.

तू ऑफर लेटरचा फोटो पाठवलास, त्यात ६,००० च्या खाली बारीक अक्षरात फोड आहे. बेसिक २,४००, घरभाडं २,४००, इतर भत्ते १,२००. ही फोड वाचलीस का? तिकडे आपल्यासारख्या परदेशी लोकांना पेन्शन नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. नोकरी सोडताना हातात पडते ती ग्रॅच्युइटी, आणि ती फक्त बेसिकवर मोजतात. पहिली पाच वर्षं दरवर्षाचे २१ दिवस, पुढे दरवर्षाचे ३० दिवस, आणि पहिलं वर्ष पुरं झालं नाही तर काहीच नाही. २,४०० ला ३० ने भाग, ८० आले. त्याचे २१ दिवस म्हणजे १,६८०. दोन वर्षं राबलीस तर ३,३६०. हेच बेसिक ३,६०० असतं तर ५,०४० झाले असते. महिन्याचा पगार तोच, एक दिरहॅमही जास्त नाही.

माझं काय झालं ते सांगते. पहिल्या शाळेत मला ३,००० मिळत होते, त्यात बेसिक १,२००. दरवर्षी मार्चमध्ये इन्क्रिमेंटचं पत्र यायचं, स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकींना पेढे द्यायचो. वाढ प्रत्येक वेळी ‘इतर भत्ते’ या रकान्यात पडत होती. सहा वर्षांनी सोडलं तेव्हा हिशेबाच्या कागदावर बेसिक १,२०० च होतं. हातात ५,४०० दिरहॅम आले. अकाउंट्समधल्या केरळी माणसाने कागद माझ्याकडे सरकवला आणि हळूच म्हणाला, ‘मॅडम, सबका ऐसाही है.’ कायद्याप्रमाणे त्यात काडीचीही चूक नव्हती. चूक माझी, सही माझी होती.

म्हणून शाळेला आधी ईमेल लिही. बेसिक वाढवून मिळेल का? जुलै-ऑगस्टचा पगार मिळतो की करार जूनअखेर संपतो? विमानाचं तिकीट दरवर्षी की दोन वर्षांनी, आणि नवऱ्याचंही का? उद्या मूल झालं तर फीमध्ये सवलत किती? विचारायला लाजू नकोस. तिकडे हे प्रश्न विचारणारा माणूस लोभी समजत नाहीत. उत्तर मात्र ईमेलवरच घे, फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं.

शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र म्हणजे करार नव्हे, हेही ध्यानात ठेव. तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर आलं पाहिजे आणि मंत्रालयाकडे नोंदलेला करार त्याच्याशी जुळला पाहिजे. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर विषय तिथेच संपव. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे आणि पकडलं गेल्यावर ‘बघू’ म्हणणारा माणूस फोन उचलत नाही. नाशिकचा तो एजंट प्रोसेसिंगचे पैसे मागतोय ना? भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला तिथला कायदा बंदी करतो. त्याला हे सांग आणि त्याचा चेहरा बघ. पासपोर्टही शाळेला ठेवून घेता येत नाही. शिक्का मारायला दिला तर परत मागून घ्यायचा.

आता कागद. यात मी सगळ्यात जास्त भोगलंय, तेव्हा जरा लांबण लागेल.

तुझी बी.एस्सी. आणि बी.एड.ची पदवी तिथे चालण्यासाठी आधी विद्यापीठाची पडताळणी, मग मुंबईच्या मंत्रालयाचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा, आणि तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा, एवढे टप्पे आहेत. ओमान, बहरीन, सौदी हे देश हेग करारात आहेत आणि आपणही २००५ पासून आहोत, त्यामुळे तिथे ॲपोस्टीलवर, म्हणजे दूतावासाच्या शिक्क्याऐवजी चालणाऱ्या एका प्रमाणपत्रावर, भागतं. अमिरात, कतार, कुवेत त्यात नाहीत. तुझ्या त्या मैत्रिणीचं मस्कतचं काम पटकन झालं म्हणून तुझंही होईल असं धरून चालू नकोस.

आणि नाव! आपल्याकडे पदवीवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. लग्नानंतर पासपोर्ट काढला की मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. पण काउंटरवरच्या माणसाला या दोन वेगळ्या बाया दिसतात. माझं लग्नाचं सर्टिफिकेट ग्रामपंचायतीचं, मराठीत, निळ्या शाईत हाताने लिहिलेलं, तेही ‘सौ.’ लावून. त्याचं भाषांतर, त्यावर नोटरी, मग तेच सगळे शिक्के पुन्हा. त्या उन्हाळ्यात मी मुंबईच्या सात फेऱ्या मारल्या. शाळा सुरू झाली तेव्हा मी अजून साताऱ्यात होते आणि माझ्या वर्गावर दुसरीच बाई उभी होती. नशीब, ती डिसेंबरात सोडून गेली.

शिकवण्याबद्दल. पहिली सहा वर्षं मी सीबीएसईच्या शाळेत होते. एप्रिलमध्ये वर्ष सुरू, तेच पुस्तक, तेच बोर्ड, फक्त खिडकीबाहेर वाळू. मला वाटायचं, मला सगळं येतं. मग ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत लागले. २०१३ मध्ये तिथे केएचडीएचे तपासनीस आले. ही दुबईची शाळा तपासणारी सरकारी संस्था, ती तेव्हा शाळेला ‘आउटस्टँडिंग’पासून ‘अनसॅटिस्फॅक्टरी’पर्यंत शेरा द्यायची, तो जाहीर व्हायचा आणि फी किती वाढवता येईल तेही त्याच्याशी जोडलेलं असायचं. म्हणजे वर्गात मागे बसलेला माणूस संस्थाचालकांच्या तिजोरीत बसलेला असायचा. मी त्या दिवशी प्रक्षेप्य गतीचं, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीचं, समीकरण फळ्यावर असं काही सोडवलं की साताऱ्यात असते तर टाळ्या पडल्या असत्या. तपासनीस बाई उठल्या आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलाजवळ वाकून बसल्या. ‘आज काय शिकलास?’ तो गोड आवाजात म्हणाला, ‘आम्ही उतरवून घेतलं.’

एवढंच. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. मी डस्टर हातात धरून उभी.

तो आठवडा मी नीट झोपले नाही. नंतर बाजूच्या वर्गातल्या आयरिश बाईच्या तासाला जाऊन बसू लागले. ती अर्धा तास काहीच सांगत नव्हती! मुलं टेबलाच्या कडेवरून गोट्या सोडत होती, पट्टीने मोजत होती, भांडत होती. शेवटच्या दहा मिनिटांत समीकरण मुलांनीच मागितलं. मला ते जमायला दोन वर्षं लागली. तू आत्तापासून एक तास तरी असा घेऊन बघ. ऑगस्टमध्ये तिथे उतरून शिकायला वेळ मिळत नाही.

आता एक कडू गोष्ट. त्या आयरिश बाईचा पगार माझ्या पावणेदोनपट होता. विषय तोच, तास तेवढेच, अनुभव माझा जास्त. तिच्याकडे इंग्लंडची शिक्षक म्हणून मान्यता, म्हणजे क्यूटीएस, होती. शाळेने तिला बाहेरून आणलं म्हणून घरही दिलं होतं. पदवीचा फरक होता हे खरं, पण पासपोर्टच्या रंगाचाही होता. हे कुठे लिहिलेलं नसतं, पालकांना काय दाखवायचं यावरून ठरतं. यावर स्टाफरूममध्ये चहासोबत रडणाऱ्या आपल्या बायका मी दहा-दहा वर्षं त्याच खुर्चीत बसलेल्या पाहिल्या. तू रडायचं असेल तर रड, पण त्याच वर्षी काहीतरी हातात घे. क्यूटीएस घ्यायला आता इंग्लंडला जावं लागत नाही, २०२२ पासून परदेशात राहून करता येणारा आयक्यूटीएस कोर्स आहे. फक्त पीजीसीईआय या दुसऱ्या शिक्षक-कोर्सला भुलू नकोस. नाव भारदस्त आहे, शिकण्यासारखंही खूप आहे, पण त्याने क्यूटीएस मिळत नाही. फी भरण्याआधी हे एकदा तोंडाने विचारून घे. आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट अभ्यासक्रमाच्या, शाळांकडे जायचं असेल तर त्यांच्या कार्यशाळांना शाळा पैसे देते का ते कराराच्या वेळीच काढ. आणि तुझ्या पत्रात पद काय लिहिलंय ते परत बघ. ‘असिस्टंट’ असेल तर पुढची शाळा तुला असिस्टंटच समजेल, वर्ग तू एकटी चालवत असलीस तरी.

पुढची शाळा म्हटलं की तुला हसू येईल, अजून पहिलीच लागायची आहे. पण तिकडे पुढच्या ऑगस्टच्या भरतीची गडबड आदल्या दिवाळीपासूनच सुरू होते. नाताळच्या आसपास शाळा एक फॉर्म देते, पुढच्या वर्षी राहणार का? ‘नाही’ लिहायचं तर नवी नोकरी हातात नसते, ‘हो’ लिहून मे महिन्यात शब्द फिरवला तर मुख्याध्यापकांचा संदर्भ, म्हणजे शिफारस, जातो, आणि त्या संदर्भाशिवाय कुठलीही चांगली शाळा दार उघडत नाही. मी एकदा ‘हो’ लिहून फिरवलं. त्याची किंमत पुढे चार वर्षं मोजली, ती हकिगत भेटल्यावर. प्रत्येक वर्षाअखेर अनुभवाचं पत्र मात्र मागून ठेव. शाळा विकल्या जातात, मुख्याध्यापक बदलतात, मग कोण कुणाला ओळखतं.

घराचं थोडक्यात सांगते. दुबईत भाडं पुढच्या तारखांच्या चेकने देतात, कधी चार, कधी एकच. माझ्या वेळी चेक परत गेला की थेट फौजदारी. २०२२ पासून ते सैल झालंय, तरी खात्यात पैसे नसताना चेकवर सही करू नकोस. स्वस्त म्हणून आम्ही शारजात राहिलो. साडेचारला उठायचं, पावणेसहाची बस, अंधारात डबा. कुकर इथूनच ने. दुबईच्या करामा भागात बाकी सगळं मिळतं, अगदी भाजणीसुद्धा.

बँकेचं जाण्याआधी उरक. पीपीएफ खातं नसेल तर या आठवड्यात उघड, अनिवासी झाल्यावर नवं उघडता येत नाही, असलेलं मुदतीपर्यंत चालवता येतं. आणि दिरहॅमला रुपयाने गुणत बसू नकोस. तो डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, रुपया पडला की तुला पगार वाढल्यासारखा वाटतो. माझा पाच वर्षं असाच ‘वाढत’ होता.

तू अनुदानित शाळेत कायम असतीस तर हे पत्र मी वेगळं लिहिलं असतं. हायवेवरच्या तुझ्या ‘इंटरनॅशनल’मध्ये सोडण्यासारखं फार काही नाही, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे.

एक राहिलं. माझे वडील २०१४ च्या फेब्रुवारीत गेले. तपासणी तोंडावर होती. चार दिवसांची रजा मिळाली. मुंबईला तीन तासांत उतरले, तिथून गाडी करून गावी पोचेपर्यंत दुसरी सकाळ झाली होती. सावडायला तेवढी सापडले. दहाव्याला मी अकरावीच्या वर्गावर होते आणि भाऊ फोनवर विचारत होता, कावळा शिवला, ऐकतेस ना? आता तिथल्या कायद्यात आईवडिलांसाठी तीन दिवस लिहिलेत. तुझ्या आईची साखर कशी आहे हल्ली? तुम्ही भावंडांनी बसून कोण काय बघणार ते बोलून घ्या. मी बोलले नव्हते.

रविवारी दुपारी घरी ये, पूर्ण करार छापून आण, मोबाइलवर नको, माझा चष्मा बदललाय. येताना लग्नाचं सर्टिफिकेट आण आणि त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघूनच निघ. जुळत नसेल तर रविवारची वाट बघू नकोस, उद्याच मंत्रालयाचं बघ. शनिवारी तिथे कुणी भेटणार नाही.

तुझ्या,
बाई