क्षेत्रनोंदी ग्रामसभेच्या कामी कशा येतील?

प्रश्न : गडचिरोलीतल्या एका गावात राहून मानवशास्त्रात पीएचडी करतोय. गाव सामूहिक वनहक्काचा (गावानं मिळून जंगल वापरण्याच्या आणि राखण्याच्या हक्काचा) दावा दाखल करणार आहे. माझ्या नोंदींचा उपयोग होईल का?

होईल, पण प्रबंध संपायची वाट पाहू नका. वनहक्क कायदा २००६ खालच्या नियमावलीत नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. जुन्या सरकारी कागदांबरोबर विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हेही त्यात येतं. एकाहून अधिक पुरावे लागतात. म्हणून वहीतून पाच-सहा पानांचं मराठी टिपण काढा : जागेचं गावातलं नाव, तिथून काय आणतात, कोण, कोणत्या महिन्यात. त्या त्या जागी चालत जाऊन जीपीएस नोंद घ्या. एकाच ओढ्याला शेजारच्या गावात वेगळं नाव असतं. दोन्ही लिहा, नाहीतर कागदावर दोन ओढे दिसतात आणि हद्दीचा वाद उभा राहतो. नियमानुसार जबाब दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा हवा, आणि इथे तर सारं गावच दावेदार. तेव्हा शेजारच्या गावातल्या जुन्या जाणत्यांनाही विचारा.

सर्वांत महागात पडते ती बायकांना न विचारण्याची चूक. हंगामही चुकवू नका : मोहफुलं मार्च-एप्रिलची, तेंदूपानं उन्हाळ्याची. फक्त हिवाळ्यात मुक्काम केलेल्याच्या वहीत ही जंगलं येतच नाहीत. टिपण ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, गोंडीत समजावून सांगा, दुरुस्त्या होऊ द्या, मगच दाव्याला जोडा.

प्रश्न : शोधनिबंधात आम्ही नावं बदलतो. इथे काय करायचं?

जबाबाला खरं नाव आणि सही किंवा अंगठा लागतो. त्यामुळे कागद कोणत्या कार्यालयात जाणार हे सांगून संमती नव्यानं घ्या. संशोधनाला दिलेली संमती इथे चालत नाही. घरातली भांडणं, दारू गाळणं असं दाव्याशी संबंध नसलेलं काहीही टिपणात नको. औषधी मुळ्यांच्या नेमक्या जागाही नकाशावर दाखवू नका.

प्रश्न : साथीसारख्या घाईच्या वेळी या संथ अभ्यासाचा काय उपयोग?

२०१४ मध्ये इबोलाच्या साथीत लायबेरियात मृतदेह जाळण्याचा आदेश निघाला. दफनाची रीत असलेली कुटुंबं मृतदेह लपवू लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची कार्यपद्धती जाहीर केली. मृतदेहाला स्पर्श करणं, अंघोळ घालणं याऐवजी कुटुंबाला मान्य होईल असं काय करता येईल, हे शोधण्यात वैद्यकीय मानवशास्त्रज्ञांचा वाटा होता. साथीच्या वेळचं तुमचं टिपणही तसंच लिहा : एक पान, आणि प्रत्येक ‘हे करू नका’समोर ‘त्याऐवजी हे चालेल’.