बालसभेत मुले बोलली, पुढे काय?

गावाचा विकास आराखडा करायचे दिवस जवळ आले की बालसभा, मुलांचे हक्क आणि तरुणांचा सहभाग यांविषयीची पत्रे वाढतात. त्यांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावात वर्षातून एकदा बालसभा होते. गेल्या वेळी मुलांनी मैदान, वाचनालय आणि शाळेच्या शौचालयाची दुरुस्ती मागितली. रजिस्टरमध्ये सगळे लिहिले, फोटो काढले, खाऊ वाटला. पुढे काहीच झाले नाही. आता मुले म्हणतात, 'आम्ही परत येणार नाही.' काय करावे? (ग्रामपंचायत सदस्या, धाराशिव जिल्हा)

मुलांचे बरोबर आहे, ताई. बोलावले, बोलायला लावले आणि नंतर कोणी काही सांगितले नाही, तर मोठी माणसेही दुसऱ्यांदा येत नाहीत. पुढच्या बालसभेची वाट न पाहता याच मुलांना परत बोलवा आणि प्रत्येक मागणीचे उत्तर द्या. काय होणार, काय होणार नाही, का होणार नाही, हे लिहून शाळेच्या फलकावर लावा. नकार कारणासह दिला तर मुले तो समजून घेतात. त्यांना दुखावते ते मौन.

बालसभेचा ठराव रजिस्टरमध्येच राहिला तर त्याला काही अर्थ उरत नाही. तो पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर यायला हवा. तिथे मंजूर झाला की आराखड्यात जातो, आणि आराखड्यात गेला तरच त्यासाठी पैसे निघतात. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेला होता. त्यामुळे शौचालयासाठी पैसे नाहीत, हे उत्तर ऐकून गप्प बसू नका, खर्चाचे पत्रक मागा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. वाचनालयाची सुरुवात त्यातून होऊ शकते. मैदानाला जागा लागते, म्हणून वेळ लागेल. तोवर शाळेचे पटांगण संध्याकाळी उघडे ठेवायचे ठरवा, त्याला तर पैसेही लागत नाहीत.

आणि 'शौचालय दुरुस्ती' एवढेच लिहून थांबू नका. नेमके काय बिघडले आहे, ते मुलांनाच विचारा. एका शाळेत अंदाजपत्रकात फरशी आणि रंग धरला होता. मुलींना विचारले तेव्हा कळले की दाराला आतून कडीच नाही. एक आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहायची, आणि पाळीच्या दिवसांत कित्येक जणी शाळेलाच यायच्या नाहीत. कडीचा खर्च किती असणार! पण अंदाजपत्रक करणाऱ्याने तिथल्या एकाही मुलीला विचारले नव्हते. मुलांना विचारायचे ते याचसाठी, समारंभ साजरा करायला नाही.

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या. खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांचा वापर करणे, त्यांना शोभेपुरते उभे करणे आणि नावापुरते बोलू देणे, यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बालसभा अजून तिथेच आहेत, याचे मला फार वाईट वाटते. शेजारच्या कर्नाटकात हे काम आपल्याआधी सुरू झाले. उडुपी जिल्ह्यातल्या केराडीसारख्या गावांत १९९० च्या दशकात मुलांच्या पंचायती, म्हणजे 'मक्कळ पंचायती', उभ्या राहिल्या. त्यात मजुरी करणारी मुलेही होती. पुढे राज्य सरकारने वर्षातून एकदा मुलांची ग्रामसभा घ्यायला ग्रामपंचायतींना सांगितले.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आम्ही मैत्रिणी ग्रामसभेला गेलो, तर 'यादीत नाव नाही, घरी जा' म्हणाले. आम्हाला एसटीच्या वेळेबद्दल बोलायचे होते. आम्हाला बोलायचा हक्क नाही का? (विद्यार्थिनी, सांगली जिल्हा)

ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेले लोक, म्हणजे १८ पूर्ण झालेले. त्यामुळे ठरावावर तुला मत देता येत नाही, ही गोष्ट खरी. पण मत देणे वेगळे आणि म्हणणे मांडणे वेगळे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम १२ सांगते की मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडता आले पाहिजे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन दिले पाहिजे. भारताने ती १९९२ मध्ये मान्य केली आहे. तुम्हाला घरी पाठवणाऱ्यांनी तुमचे दोन मिनिटे ऐकून घ्यायला हवे होते.

आता एक लेखी निवेदन तयार करा. 'गाडी वेळेवर येत नाही' असे मोघम लिहू नका. कॉलेज किती वाजता सुटते, गाडी किती वाजता निघून जाते, किती मुली अडकतात, अंधारात किती चालावे लागते, हे लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि दुसरीवर पोहोच घ्या. ही पोहोच फार महत्त्वाची. एसटीच्या वेळा ग्रामपंचायत ठरवत नाही, पण आगार व्यवस्थापकांना ठरावासह पत्र देऊ शकते. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते. तिथे हा विषय मांडायला आईला किंवा काकूला सांग. त्यांचे नाव यादीत आहे आणि काळजी तर त्यांनाही आहेच.

आणखी एक. निवेदनाचे पुढे काय झाले, हे लेखी विचारताही येते. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा 'सर्व नागरिकांना' लागू आहे, त्यात वयाची अट लिहिलेली नाही. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते.

प्रश्न : माझी मुलगी शाळा व्यवस्थापन समितीत विद्यार्थी प्रतिनिधी आहे. घरीदारी सारखे प्रश्न विचारते. हक्क शिकवले की मुले उद्धट होतात असे मला वाटते. अभ्यासाचे काय? (वडील, सातारा)

प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. शब्द उर्मट असतील तर तेवढे जरूर सुधारा, ते तुमचे कामच आहे. बालहक्क संहितेचे कलम ५ मुलांना वळण लावण्याचा आईवडिलांचा अधिकार मान्य करते. तिचे ऐकायचे म्हणजे तिचेच खरे करायचे असे नाही. निर्णय तुमचा असू शकतो, फक्त कारण सांगा. समितीची बैठक महिन्यातून एकदा, तीही तास-दीड तासाची. अभ्यास तेवढ्याने बुडत नाही.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. बालसभेत एका मुलीने सगळ्यांसमोर सांगितले की नववीतल्या तिच्या मैत्रिणीचे लग्न ठरले आहे. सभेत एकदम शांतता पसरली. आता गावात त्या दोघींवरच राग आहे. मी काय करू? (परभणी जिल्हा)

ताई, आधी दोघींची सुरक्षितता. सांगणाऱ्या मुलीचे नाव यापुढे कुठल्याही कागदावर किंवा बोलण्यात येऊ देऊ नका. सभेच्या इतिवृत्तात असेल तर त्याची प्रत बाहेर जाणार नाही हे पाहा. तिच्या आईला स्वतः भेटा.

मग लग्न थांबवायचे. १०९८ ही चाइल्डलाइन, म्हणजे मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक, चोवीस तास सुरू असते. ग्रामीण भागात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात (पदाचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी). त्यांना लेखी कळवा. समजूत घालून घरचे थांबले तर उत्तम. नाही थांबले तर २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ खाली न्यायदंडाधिकारी मनाई आदेश देऊ शकतात, आणि तो मोडून लावलेले लग्न मुळातच अवैध ठरते. लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे घरच्यांना सांगा, पण धमकीच्या सुरात नको. बहुतेक घरांत लग्नामागे गरिबी असते, ऊसतोडीला जाताना वयात आलेल्या मुलीला मागे कुणाकडे ठेवायचे ही भीती असते. वसतिगृहाची सोय झाली तर लग्नाची घाई कमी होते. म्हणून ते काम त्याच आठवड्यात हातात घ्या.

पुढच्या बालसभेसाठी एक पथ्य पाळा. सुरुवातीलाच सांगा : कुणाच्या घरातली, कुणाच्या अंगावर बेतलेली गोष्ट सभेत बोलायची नाही, नंतर ताईंना एकट्यात सांगायची. त्यासाठी सभा संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. ग्राम बालसंरक्षण समितीत सरपंच अध्यक्ष असतात आणि मुलांचे दोन प्रतिनिधीही असतात. तुमच्या गावात ही समिती कागदावरच असेल, तर हे प्रकरण निवळल्यावर तिची बैठक लावून घ्या. मुलांना बोलते करायचे असेल तर बोलल्यानंतर त्यांना सांभाळायची तयारी आधी हवी. ती नसेल तर बालसभा पुढे ढकला, पण घाईने घेऊ नका.

प्रश्न : मी २० वर्षांचा आहे, पुण्यात शिकतो. गावात काही करायचे तर निवडणूकच लढवावी लागते का? पॅनेलच्या भांडणात पडायची इच्छा नाही. (अहिल्यानगर जिल्हा)

निवडणूक तुला तशीही २१ पूर्ण झाल्याशिवाय लढवता येणार नाही. पण ग्रामसभेचा तू आजच सदस्य आहेस, फक्त नाव गावच्या यादीत आहे का ते तपासून घे. वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पंधरा-वीस जण बसून गावाचे निर्णय घेतात. तुझ्यासारखी मुले सुट्टीला आलेली असतात, त्या दिवशी पारावर बसलेलीही असतात, पण सभेला जात नाहीत. या वेळी दहा जणांना घेऊन जा.

जाण्याआधी ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचा आराखडा आणि झालेला खर्च पाहा. त्यातले एकच काम निवड, समजा शाळेची पाण्याची टाकी. प्रत्यक्ष जाऊन बघ, तिथल्या मुलांना विचार पाणी येते का, आणि सभेत तेवढ्याच कामाबद्दल प्रश्न विचार. उत्तर इतिवृत्तात लिहून घेतले का, ते सही करण्याआधी वाचून पाहा.