पंप रूममधली चोरी आणि सोसायटीचा नाकारलेला क्लेम

प्रश्न : ठाण्यातल्या 48 सदनिकांच्या नोंदणीकृत सोसायटीचा मी सचिव आहे. दिवाळीच्या सुट्टीत पंप रूममधून मोटर आणि तांब्याची केबल (1 लाख 40 हजार) चोरीला गेली. त्याच रात्री जिन्यातल्या होज बॉक्समधली (आग विझवण्याच्या पाइपच्या पेटीतली) पितळी नोझल (90 हजार) आणि एका सभासदाच्या एसीचा तांब्याचा पाइपही गेला. जबरदस्तीने प्रवेश केल्याचा पुरावा नाही, असं सांगून विमा कंपनीने सगळा क्लेम नाकारला. घरटी 5 हजार गोळा करावेत का?

उत्तर : आधी पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे कोणकोणतं संरक्षण घेतलं आणि त्याचा प्रीमियम किती हे दाखवणारा तक्ता, काढा. सोसायट्या बहुधा आगीची पॉलिसी घेतात आणि तीत चोरीही आली असं धरून चालतात. आगीच्या प्रमाणित पॉलिसीत चोरीला जागा आहे, पण फक्त आग, पूर अशा घटनेमुळे, तीही घटनेपासून 7 दिवसांत झालेल्या चोरीला. तुमच्यासारख्या चोरीसाठी बर्गलरीचं (घरफोडीचं) वेगळं कलम लागतं. शेड्यूलमध्ये त्याचा प्रीमियम नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही.

कलम असेल तर सगळं अडतं ते व्याख्येवर. बर्गलरी म्हणजे बळाचा वापर करून आत शिरून किंवा बाहेर पडून केलेली चोरी. युनायटेड इंडिया ही विमा कंपनी विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या 2004 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही अट शब्दशः लावली. त्यामुळे तुमचा क्लेम एकगठ्ठा लढू नका, त्याचे तुकडे करा. उघड्या जिन्यातल्या, कुलूप नसलेल्या पेटीतून नोझल उचललं असेल तर ती नुसती चोरी, तिथे कंपनीचं म्हणणं टिकेल. पंप रूमचं कुलूप किंवा कडी तोडली असेल तर ते 1 लाख 40 हजार सोडायचं कारण नाही.

मात्र ते कागदावर दिसलं पाहिजे. पोलीस ठाण्यातल्या अंमलदाराने घाईत नुसतं भारतीय न्याय संहितेचं कलम 303 लावून 'चोरी' एवढंच लिहिलं असेल, तर कंपनी त्याच एफआयआरवर बोट ठेवते. तपास अधिकाऱ्याकडे पुरवणी जबाब द्या, घरफोडीचं कलम 331 लावण्याची लेखी मागणी करा आणि घटनास्थळाच्या पंचनाम्याची प्रत घ्या. तुटलेलं कुलूप भंगारात गेलं नसेल तर जपून ठेवा; फोटोपेक्षा त्याला वजन आहे. सोबत मोटरचं खरेदीचं बिल, एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) अहवाल आणि सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेल्या माणसाच्या, अहवालाची प्रत हवी. अहवालात 'कुलूप तुटलेलं आढळलं' असं असूनही क्लेम नाकारला असेल, तर तेच तुमचं हुकमी पान. रखवालदाराचा हात निघाला तर मात्र बर्गलरी कव्हर बहुधा उपयोगी पडत नाही. मग सिक्युरिटी एजन्सीचा करारनामा उघडा, नुकसानभरपाईचं कलम बघा.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला हे सगळं जोडून लिहा. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. सहकारी संस्था ग्राहक ठरू शकते. अधिकारक्षेत्र दिलेल्या प्रीमियमवरून ठरतं आणि तो 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी नाही. मुदत 2 वर्षांची. नकाराच्या पत्रापासून मोजा. नंतरच्या पत्रव्यवहाराने ती लांबत नाही. तक्रार सोसायटीच्या नावाने, समितीच्या ठरावासह करा.

नोझलसाठी क्लेमची वाट पाहू नका. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी (अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) द्यावा लागतो, आणि यंत्रणा अपुरी असताना आग लागली तर समितीच अडचणीत येईल. सर्व्हेअरने पाहून झालं असेल तर लगेच बसवा; खर्च दुरुस्ती निधीतून करा. निधी अपुरा असेल तरच सर्वसाधारण सभेत ठराव करून वर्गणी घ्या. समितीने परस्पर नोटीस काढून 5 हजार मागू नयेत.

एसीचा पाइप सभासदाचा स्वतःचा. सोसायटीची पॉलिसी सहसा सामायिक मालमत्तेची असते, त्यामुळे तो त्यात बसणार नाही. त्याने स्वतःची घरगुती पॉलिसी घेतली असेल तर क्लेम तिथे करावा, आणि तो पाइप एफआयआरमध्ये नसेल तर तुमच्यासोबत त्यानेही आताच पुरवणी जबाब द्यावा.