‘काल काहीच आठवत नाही’ असं स्टेटस दिसलं तर?

प्रश्न : ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावरील पार्टीनंतर एका वर्गमित्राने ‘काल रात्रीचं काहीच आठवत नाही’ असं स्टेटस टाकलं. सगळ्यांनी हसण्याचे इमोजी पाठवले. मी कॉलेजच्या एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजना) स्वयंसेविका आहे. त्याच्याशी बोलावं का? (तृतीय वर्ष, ठाणे)

उत्तर : जरूर बोला, पण स्टेटसवर नको. हातात ग्लास धरलेला फोटो वेगळा आणि हे वाक्य वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेची मद्यपान किती धोक्याचं आहे हे तपासणारी ‘ऑडिट’ नावाची १० प्रश्नांची, ४० गुणांची चाचणी आहे. ८ किंवा जास्त गुण म्हणजे पिणं धोक्याकडे झुकलंय. तिचा आठवा प्रश्नच असा, की प्यायल्यामुळे आदल्या रात्रीचं आठवत नाही, असं वर्षभरात किती वेळा झालं? तुमच्या मित्राने त्याचं उत्तर न विचारताच देऊन टाकलंय. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांच्या फेसबुक प्रोफाइल तपासल्या, तेव्हाही झिंगल्याच्या पोस्ट टाकणारे या चाचणीत धोक्याच्या गटात जास्त आढळले.

उपाशीपोटी भराभर प्यायलं की मेंदू नव्या आठवणी साठवणं थांबवतो. माणूस मात्र चालतो, बोलतो, येऊरचा उतार बाईकवरून उतरतोसुद्धा. खरी भीती याची आहे.

दुसऱ्या दिवशी लेक्चरनंतर एकट्याला गाठा. ‘असं आधीही झालंय का रे?’ एवढंच विचारा आणि ऐका. ‘किती पेग?’ विचारू नका, प्रत्येकाचा पेग वेगळा. किती क्वार्टर (१८० मिलीची बाटली) ते विचारा : ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या दारूच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि एका बैठकीत ६० ग्रॅम म्हणजे अतिमद्यपान.

स्क्रीनशॉट सरांकडे पाठवू नका. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. वय त्याहून कमी असेल, तर कारवाईच्या धास्तीने तो पुढचं स्टेटस तुमच्यापासून लपवेल, मग कळणारच नाही. मदत हवी म्हणाला तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर द्या, तिथे मराठीत बोलता येतं.

स्टोरीत कुणी निपचित पडलेला दिसला, तर मात्र उद्यावर टाकू नका. तिथे असलेल्याला लगेच फोन करा. पडलेल्याला कुशीवर वळवायला सांगा, कारण उताणं असताना उलटी श्वासनलिकेत जाते. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, यातलं काहीही नको. पोटातली दारू झोपेतही रक्तात उतरत राहते, म्हणून ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून एकटं सोडू नये. हलवूनही जागा होत नाही, दोन श्वासांत १० सेकंदांचा खंड पडतो किंवा ओठ निळसर दिसतात, यातलं एकही असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८.