वाचकांचे प्रश्न : फिरवली की विझणारी तलवार

प्रश्न : आमच्या तालमीच्या गणेशोत्सवातील सजीव देखाव्यासाठी आम्ही एक प्रकाशमान तलवार तयार केली आहे. ८० सेंटिमीटर लांबीची दुधी नळी हे तिचे पाते. नळीत एका मीटरला ६० दिवे असलेली, ५ व्होल्टवर चालणारी डब्ल्यूएस २८१२ बी जातीची एलईडी पट्टी मुठीपासून टोकापर्यंत नेली आहे आणि टोकाशी तीन बारीक वायरींनी दुसऱ्या पट्टीला जोडून परत मुठीपर्यंत आणली आहे. तलवार स्थिर धरली तर सर्व ९६ दिवे लागतात. परंतु मावळ्याची भूमिका करणारा मुलगा ती फिरवू लागला की परतीच्या बाजूचे दिवे कधी विझतात, तर कधी एकाच रंगावर अडून बसतात. टोकाचे जोड अनेकदा तापवून पाहिले, तरी गुण येत नाही. काय करावे?
— एक कार्यकर्ता, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : सर्वप्रथम सोल्डरिंग आयर्न (सोल्डर हा जोडाचा मऊ धातू वितळवणारे तापते अवजार) बाजूला ठेवावे आणि मल्टिमीटर (वीज मोजण्याचे उपकरण) हाती घ्यावा. दोष नेमका कोणत्या वायरीत आहे हे कळण्याआधी जोड पुन्हा तापवत राहिल्यास पट्टीवरील, वायर जोडण्यासाठीचा तांब्याचा पातळ ठिपका उष्णतेने सुटून येतो, आणि मग दुरुस्तीला जागाच उरत नाही.

आपल्या पट्टीतील प्रत्येक दिव्यात स्वतःची एक चिप असते. ती आपल्या वाट्याची माहिती ठेवून घेते आणि उरलेली पुढच्या दिव्याकडे पाठवते. त्यामुळे पट्टीला अधिक (+), उणे (−) आणि माहितीची अशा तीन वाटा लागतात, आणि यांपैकी कोणती तुटली आहे हे दिवेच सांगतात. माहितीची वायर सुटली, पण वीज मिळत राहिली, तर पुढचे दिवे शेवटचा मिळालेला रंग धरून बसतात. अधिकची (+) वायर सुटली तर ते विझतात. उणे वायर सुटली असता मात्र वीज माहितीच्या वायरीतून आडवाटेने परतू पाहते आणि काही वेळा भलतेच रंग दिसतात. आपल्याकडे विझणे आणि अडून बसणे ही दोन्ही लक्षणे दिसत असल्यामुळे टोकाशी एकाहून अधिक वायरी अर्धवट तुटल्या असाव्यात, असे मला वाटते.

खात्रीसाठी बॅटरी काढून ठेवावी आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीच्या, म्हणजे वाट सलग असेल तर बीप देणाऱ्या, खुणेवर लावावा. त्याचे एक टोक ४८व्या दिव्याच्या बाहेर जाणाऱ्या ठिपक्यावर आणि दुसरे ४९व्या दिव्याच्या आत येणाऱ्या ठिपक्यावर टेकवून, सहकाऱ्याने लाकडी काडीने ती वायर हळूहळू इकडेतिकडे वाकवावी. बीप तुटला की दोषी वायर सापडली. तिन्ही वायरी अशाच तपासाव्यात. मुठीपासून शेवटच्या दिव्यापर्यंत माहितीच्या वाटेवर सलग बीप मिळणार नाही, कारण प्रत्येक चिप ती वाट मध्ये तोडते. तो दोष समजू नये. अधिक आणि उणे यांच्यामध्ये मात्र सतत बीप आला, तर शॉर्ट आहे, म्हणजे ते दोन्ही थेट एकमेकांना टेकले आहेत, हे निश्चित.

आता मूळ कारणाकडे वळू. सोल्डर वितळते तेव्हा ते वायरीच्या तारांमध्ये आतपर्यंत शोषले जाते आणि तेवढा भाग कडक होतो. तलवार फिरताना सर्वांत जास्त झटका टोकाला बसतो, आणि वायर नेमकी कडक व लवचीक भागाच्या सीमेवर पुन्हा पुन्हा वाकून तुटते. वरचे आवरण शाबूत असल्यामुळे तुटलेल्या तारा एकमेकींना टेकून राहतात व स्थिर अवस्थेत दिवे लागतात. अशा वेळी जोड कितीही सुंदर तापवला तरी उपयोग होत नाही, कारण तुटलेली जागा जोडाच्या पलीकडे आहे.

म्हणून जुन्या वायरी पूर्ण काढून टाकाव्यात आणि अनेक बारीक तारांची, सिलिकॉनच्या आवरणाची लवचीक वायर घ्यावी. पट्टीवर पाणीरोधक सिलिकॉनचे आवरण असल्यास ते जोडाच्या जागी खरवडून काढावे, कारण त्याचा पातळसा थर राहिला तरी सोल्डर पकडत नाही. ६०/४० प्रकारचे (६० टक्के कथील, ४० टक्के शिसे), आत राळ असलेले सोल्डर वापरावे आणि आयर्न सुमारे ३२० ते ३५० अंश सेल्सिअसवर ठेवावे. आधी ठिपक्यावर आणि वायरीवर स्वतंत्रपणे सोल्डर चढवून घ्यावे, मग दोन्ही एकत्र टेकवून दोन-तीन सेकंदांत जोड पूर्ण करावा, आणि तो थिजेपर्यंत वायर हलू देऊ नये. थिजताना हललेला जोड निस्तेज व दाणेदार दिसतो आणि नंतर दगा देतो. शिसेविरहित सोल्डरचा जोड मात्र चांगला असूनही थोडा निस्तेज दिसू शकतो.

वायरी ताणून बसवू नयेत, त्यांना लहानसा सैल वळसा ठेवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जोडावर भार येता कामा नये: दोन्ही पट्ट्या एका पातळ, ताठ पट्टीवर पाठीला पाठ लावून चिकटवाव्यात आणि वायरी जोडापासून थोड्या अंतरावर आवरणासकट सिलिकॉनने पक्क्या कराव्यात. त्यासाठी व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन टाळावे, कारण सुकताना त्यातून निघणारे अ‍ॅसिटिक आम्ल तांबे खाते. पत्र्याच्या कामासाठी मिळणारे आम्लयुक्त फ्लक्सही (सोल्डर नीट पकडावे म्हणून लावायचा लेप) याच कारणाने वापरू नये. भाद्रपदातील कोल्हापूरच्या दमट हवेत त्याचा उरलेला अंश ओलावा धरतो आणि जोडांवर हिरवट थर चढतो. ते आधीच वापरले असल्यास बॅटरी काढून कोमट पाण्याने आणि ब्रशने जागा नीट घासून घ्यावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवावी, तांबे खाल्ले गेले असल्यास तेवढा तुकडा कापून बदलावा.

एक विनंती आहे. मर्दानी खेळ ही आपल्या शहराची जिवंत परंपरा असल्यामुळे मुलांना ही तलवार ढालीवर मारून पाहण्याचा मोह होईल. नळी अ‍ॅक्रिलिकची असेल तर ती तडकून तिचे धारदार तुकडे उडू शकतात. पॉलिकार्बोनेटची नळी कितीतरी अधिक चिवट असते. तरीही ही तलवार केवळ फिरवण्यासाठी आहे, वार झेलण्यासाठी नाही, हे मुलांना सरावाच्या पहिल्या दिवशीच सांगावे.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी वरीलसारखीच पट्टी वापरून तलवार बनवली. पांढरा रंग मुठीजवळ स्वच्छ दिसतो, परंतु टोकाकडे तो पिवळट-लालसर होत जातो. दिवे खराब आहेत का?
— एक शिक्षिका, इचलकरंजी

उत्तर : दिवे चांगले आहेत, टोकापर्यंत विजेचा पुरेसा दाब (व्होल्टेज) पोहोचत नाही. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, तर हिरव्या आणि निळ्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. पट्टीच्या पातळ तांब्यातून जाताना व्होल्टेज घटले की निळा व हिरवा आधी मंदावतात आणि लाल उरतो. सर्व दिवे पांढरे लागलेले असताना मुठीशी आणि टोकाशी अधिक-उणेमधील व्होल्टेज मोजावे. मुठीशी ५ च्या जवळ आणि टोकाशी बरेच कमी असेल, तर मुठीपासून टोकापर्यंत जाड वायरींची स्वतंत्र जोडी नेऊन पट्टीला दुसऱ्या टोकाकडूनही वीज द्यावी. मुठीशीच व्होल्टेज कमी भरत असेल, तर बॅटरी किंवा व्होल्टेज वाढवणारे सर्किट अपुरे आहे. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात प्रत्येक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेतो, म्हणजे ९६ दिवे जवळपास पावणेसहा अँपिअर मागतात. प्रोग्रॅममध्ये प्रकाश एकतृतीयांशावर आणल्यास मागणी त्याच प्रमाणात उतरते, आणि अंधाऱ्या रंगमंचावर तेवढा उजेड भरपूर होतो.

प्रश्न : पितळी मुठीत १८६५० आकाराचा लिथियम सेल बसवला आहे. बटण बंद असतानाही मूठ गरम होते. हे चालेल का?
— एक विद्यार्थी, कागल

उत्तर : मुळीच चालणार नाही. मूठ हाताला सोसवत असेल तरच सेल लगेच बाहेर काढावा आणि उघड्यावर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावा. चटका बसत असेल, सेल फुगला असेल किंवा वास येत असेल तर मूठच बाहेर मोकळ्या जागी ठेवून दूर व्हावे आणि मोठ्या माणसांना बोलवावे. बटण बंद असूनही उष्णता निर्माण होते, याचा अर्थ वीज बटणाच्या आधीच कुठेतरी शॉर्ट होत आहे. या सेलचे संपूर्ण धातूचे कवच उणे असते आणि अधिक टोकाच्या अगदी कडेपर्यंत ते आलेले असते. दोहोंना वेगळे ठेवायला वरचे पातळ प्लास्टिक आणि एक कागदी चकती एवढेच असते. पितळेवर घासून ते प्लास्टिक फाटले आणि अधिकाची पट्टीही मुठीला टेकली की वर्तुळ पूर्ण होते. असा तापलेला सेल पुन्हा वापरू नये. नवा सेल संरक्षक सर्किट असलेला घ्यावा, तो प्लास्टिकच्या होल्डरमध्ये बसवावा, मुठीला आतून विद्युतरोधक अस्तर लावावे आणि सेलच्या अधिक टोकापासून शक्य तितक्या जवळ, बटणाच्याही आधी, योग्य अँपिअरचा फ्यूज जोडावा. सेलवर थेट सोल्डर करू नये, त्या उष्णतेने आतील भाग बिघडतो.