घरात सगळ्यांना शुगर आहे, मग मलाही होणारच ना?

"मॅडम, आमच्या घराण्यातच शुगर आहे, म्हणजे मला होणारच, फक्त कधी होणार तेवढं सांगा." हे वाक्य मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला मी बसते, शुगर, बीपी, हार्ट असे वर्षानुवर्षं चालणारे आजार ज्या घरांत आहेत त्यांच्याशी बोलण्याचंच माझं काम आहे. औषध डॉक्टर देतात, भीतीचं काय करायचं हे माझ्याकडे येतं. त्यातल्याच एका घराची ही गोष्ट, त्यांना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितेय.

तो आला तेव्हा फर्स्ट शिफ्ट करून तसाच आला होता, अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर, वय ३६, खांद्याला डब्याची पिशवी आणि हातात प्लास्टिकची फाईल. फाईलमध्ये चाळीसेक पानांचा रंगीत रिपोर्ट, जीनच्या टेस्टचं ऑनलाइन किट मागवून नळीत थुंकी भरून पाठवली होती त्याचा. एका पानावर गाडीच्या स्पीडोमीटरसारखं चित्र आणि काटा लाल भागात, टाइप टू डायबेटीस, रिस्क हाय. ते पान त्याने इतक्या वेळा उघडलं असणार की त्याचा कोपरा मऊ पडला होता. त्या एका पानावर त्याने काय काय ठरवून टाकलं होतं बघा, दुसरं मूल नको, मोठी टर्म पॉलिसी काढली, भात बंद, आणि रात्री दोन-अडीचपर्यंत झोप नाही.

मी विचारलं, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची टेस्ट, किती आहे? तो फाईलची चेन लावायला लागला.

"नाही केली कधी."

उपाशीपोटी शुगर तरी?

"कंपनीत दरवर्षी चेकअप असतं. त्या दिवशी मी सुट्टी टाकतो."

चार वर्षं हा माणूस त्या दिवशी सुट्टी टाकत होता. जीनच्या टेस्टवर काही हजार घातले आणि काही शेकड्यात होणारी रक्ताची टेस्ट टाळली, हे ऐकून कुणाला राग येईल, पण मला ते अगदी समजतं. जीनचा रिपोर्ट पुढे कधीतरी काय होईल ते सांगतो, रक्ताचा रिपोर्ट आज काय आहे ते सांगतो, आणि माणूस आजला जास्त घाबरतो.

त्या दिवशी मी रक्ताचा आग्रह धरला नाही. कोरा कागद घेतला आणि त्यालाच घरातली माणसं काढायला लावली, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला शुगर आहे त्याला आतून काळं करायचं. त्याने पटापट वडील काळे केले, आजोबा काळे केले, चुलता काळा केला. मग मी एकेकाचं विचारत गेले, आजोबांना कितव्या वर्षी निघाली? "माहीत नाही, पण होतीच." कोणी सांगितलं? रक्त कुठे तपासलं? याचं उत्तर नाही. आजोबा दिंडोरीकडच्या गावात वयाच्या सत्तरीत गेले, गावात तेव्हा लॅबही नव्हती, म्हातारपणी वाळले म्हणून घरात सगळे शुगर होती म्हणायला लागले. तिथे आम्ही प्रश्नचिन्ह टाकलं. चुलत्याला ५८व्या वर्षी निघाली. आणि एक आत्या तो काढायलाच विसरला होता, ७१ वर्षांची, मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी तिचं रक्त तपासलं होतं आणि शुगर नॉर्मल होती. मी तिचा गोल कोरा ठेवायला सांगितला तेव्हा त्याने पेन थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.

इथे एक गोष्ट मात्र तपासून घ्यावीच लागते. तीन पिढ्या सलग आणि सगळ्यांना पंचविशीच्या आसपास किंवा आतच शुगर असेल तर एकाच जीनमुळे होणारा प्रकार असू शकतो, डॉक्टर त्याला मोडी म्हणतात, तिथे जीनची टेस्ट खरंच उपयोगाची, कारण त्यातल्या काही प्रकारांत इन्सुलिनऐवजी साध्या गोळीवर भागतं. या घरात तसं दिसत नव्हतं, वडिलांना ४१व्या वर्षी निघालेली. तरी मी डॉक्टरांना विचारून खात्री केली.

बाकीच्या बहुतेक घरांत जी शुगर असते तिचा एक असा जीन नसतो, शेकडो जागी थोडा थोडा फरक असतो. त्याच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात वर टीसीएफ७एल२ हे नाव होतं. या जीनचा संबंध २००६ साली आइसलँडच्या संशोधकांनी दाखवला, टाइप टूच्या नेहमी आढळणाऱ्या जीनमध्ये हा सगळ्यात जोरदार समजतात, आणि त्याच्या धोका वाढवणाऱ्या प्रकाराची एक प्रत असेल तर धोका वाढतो तो साधारण १.४ पट. म्हणजे समजा एरवी १०० पैकी १० जणांना होणार असेल तर १३-१४ जणांना. काटा लाल भागात जातो तो एवढ्यावर. शिवाय असे स्कोअर ज्या लोकांच्या डेटावर बनलेत ते बहुतेक युरोपातले, आपल्याकडच्या १०,००० लोकांच्या जीनोमचा डेटा २०२५ मध्ये कुठे संशोधकांना खुला झाला.

मग त्याला मी आपल्याकडचा स्कोअर दाखवला, चेन्नईच्या डायबेटीस संशोधकांनी २००५ मध्ये मांडलेला इंडियन डायबेटीस रिस्क स्कोअर, त्याला थुंकी लागत नाही, शिंप्याची टेप लागते. चारच गोष्टी, वय, कंबर, हालचाल आणि आईवडील. टेप काढली तर तो म्हणाला, "मॅडम मी बारीक आहे, पँट चौतीसची लागते." आणि दिसायला बारीकच, ६८ किलो. पण पँट आपण पोटाच्या खाली घालतो. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावली, पोट आत ओढू नका म्हटलं, तर ९६ सेंटीमीटर. पुरुषाला ९०च्या आत पाहिजे. त्याने टेप माझ्या हातातून घेतली आणि स्वतः परत मोजली, पुन्हा ९६.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार आधी दाखवून ठेवलंय. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच, २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात काय लपलेलं असतं ते त्या एका फोटोत आहे, म्हणून मी तो सगळ्यांना सांगते.

आता स्कोअर. वय ३५ ते ४९, म्हणून २०. कंबर ९० ते ९९, १०. व्यायाम नाही आणि काम बसून, ३०. आई किंवा वडील यापैकी एकाला शुगर, १०. झाले ७०, आणि ६० किंवा जास्त म्हणजे धोका मोठा. तो म्हणाला, "म्हणजे रिपोर्ट बरोबरच आहे ना." मी म्हटलं धोका आहे, तो नाही असं मी म्हणतच नाही, पण या ७०मध्ये वडिलांचे किती ते बघा. त्याने बोट ठेवलं. दहा.

रक्त तो दोन आठवड्यांनी तपासून आला, बायकोला सोबत घेऊन. एचबीएवनसी ६.०. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटीस, डायबेटीसचा उंबरठा, ६.५पासून डायबेटीस. आकडा वाचून तो रडला, आणि मला वाटलं घाबरून रडतोय, म्हणून मी लगेच समजावायला घेतलं, डाएट, चालणं, सगळं. माझं चुकलं ते. तो म्हणाला, "मॅडम थांबा जरा. मला वाटलं होतं दहा येईल."

खरी भीती कशाची होती ते त्या दिवशी कळलं. तो २२ वर्षांचा असताना वडील श्रावणात तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीला गेले, दरवर्षीसारखे अनवाणी. घरी आले, जेवले, झोपले. सकाळी आईने चादर बघितली तर पायथ्याशी लालभडक, तळपायात दगडाने खोल कापलेलं आणि वडिलांना पत्ताच नाही. तीन महिन्यांत आधी अंगठा काढला आणि मग अर्धा पंजा. ड्रेसिंग हाच करायचा, रोज. त्याच्या डोक्यात शुगर म्हणजे तो वास.

मी म्हटलं, वडिलांना घेऊन या.

काका, म्हणजे त्याचे वडील, आले. ६६ वय, खास बनवून घेतलेले बूट, टोपी मांडीवर. मी विचारलं, काका, शुगर निघाली तेव्हा औषध काय चालू केलं होतं? ते मुलाकडे बघेनात, माझ्याकडे बघून म्हणाले, "लिहून दिलं व्हतं ताई डाक्टरनी. घेतलंच नाही मी. काही दुखत नव्हतं, मंग कशाला गोळ्या खायच्या? दहा-अकरा वर्षं नाही घेतलं. घरी सांगायचो घेतो म्हनून."

खोलीत कोणीच बोललं नाही. मुलगा एवढंच म्हणाला, "आण्णा, मला वाटायचं तुम्ही सगळं करूनसुद्धा पाय गेला."

चौदा वर्षं तो हे धरून होता, की औषधपाणी सगळं करूनही असंच होतं, मग करायचं कशाला. पाय वडिलांच्या जीनमुळे गेला नव्हता, वाढलेली शुगर दहा वर्षं तशीच राहिली, पायाच्या नसा बधिर झाल्या आणि जखम कळलीच नाही म्हणून गेला. काकांना मी दोष देत नाही, त्यांना तेव्हा कोणी पायाला हात लावून तपासलं नव्हतं, तळव्याला काही टोचलं तर कळतं का एवढंही विचारलं नव्हतं.

त्यानंतर काम सोपं झालं, म्हणजे तुलनेने. त्याने विचारलं सगळं केलं तर होणार नाही ना, आणि मला खोटं बोलायचं नव्हतं. चेन्नईत ५३१ लोकांवर झालेला अभ्यास आहे, २००६ मध्ये छापलेला, सगळे त्याच्यासारखे उंबरठ्यावरचे. तीन वर्षांत, ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला त्यांच्यात १०० पैकी ५५ जणांना डायबेटीस झाला, ज्यांच्या खाण्या-चालण्यावर नीट लक्ष दिलं त्यांच्यात ३९ जणांना. म्हणजे करूनही ३९ जणांना झालाच. पण चीनमध्ये दाचिंग शहरात १९८६ला सुरू केलेल्या अशाच अभ्यासाची माणसं तीस वर्षांनी पुन्हा तपासली तेव्हा दिसलं, की ज्यांनी खाणं-व्यायाम सांभाळला त्यांना आजार सरासरी जवळजवळ चार वर्षं उशिरा आला आणि हार्टचे त्रासही कमी झाले. काकांकडे बघून त्याला चार वर्षं म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही.

शिफ्टचा माणूस, त्याला सकाळी सहाला गोदापार्कला चाला म्हणण्यात अर्थ नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तो सकाळी दहाला पांडवलेण्याच्या पायऱ्या चढतो, नाइटच्या आठवड्यात झोप आधी, चालणं संध्याकाळी. भात परत सुरू झाला, मोजून एक वाटी आणि सोबत उसळ. कँटीनमधल्या चहाला साखर नाही. मिसळ महिन्यातून एकदा, पाव एकच, हे त्याचं त्यानेच ठरवलं. मुलीची पण जीनची टेस्ट करू का असं त्याने विचारलं होतं, ती सहा वर्षांची, त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. मोठेपणी होऊ शकणाऱ्या अशा आजाराचा शिक्का लहान मुलावर आत्ता मारून तिच्यासाठी वेगळं काहीच करता येत नाही, आणि मोठी झाली की ते ठरवायचा हक्क तिचा.

आणि मग जे झालं त्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. तिघं निघाले, काका बूट नीट करत होते, तेव्हा त्याची बायको दारातून परत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मला पण मुलीच्या वेळी सातव्या महिन्यात शुगर निघाली होती. डिलिव्हरीनंतर जाते म्हणाले. ती परत तपासायची असते का?"

सहा वर्षं तपासली नव्हती. गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढे टाइप टू होण्याचा धोका इतर बायकांच्या सात पटींच्या आसपास असतो, बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत पुन्हा तपासायची आणि मग दर एक ते तीन वर्षांनी, आयुष्यभर. त्या लाल काट्यामागचा आकडा १.४ होता, आणि सात पटवाली बाई तीन भेटींत बाजूच्या खुर्चीत बसून नवऱ्याच्या पथ्याचं लिहून घेत होती. मी तिला एकदाही विचारलं नाही. कागदावर तिचा गोल होता, कोरा, कारण आम्ही रक्ताचं नातं तेवढं बघत होतो.

तिचा एचबीएवनसी ६.७ आला. रक्त कमी असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो म्हणून डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची शुगर पण केली, हिमोग्लोबिन ठीक, शुगर १३१. डायबेटीसच. तिची गोळी सुरू होऊन आता आठ महिने झाले, डोळ्यांचा पडदा तपासून झाला, पायाची तपासणी झाली, दोन्ही चांगलं आहे. त्याचा आकडा ५.८ आहे, कंबर ९१. रात्री जेवणं झाली की काका पलंगावर पाय वर घेतात, तो मोबाईलचा टॉर्च मारून बोटांच्या मधे बघतो, मग बायकोचे तळवे बघतो, आणि आरसा धरायचं काम मुलीकडे आहे.